वसईचा किल्ला बघायचाय? मग आधी सोपाऱ्याला उतरा

विरार गाडीत बसून वसईचा किल्ला बघायला निघणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. वसई रोडला उतरू नका. पुढचं स्टेशन नालासोपारा, तिथे पश्चिमेला बाहेर पडा, रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ म्हणून सांगा आणि ते बघून मगच किल्ल्याकडे वळा. बहुतेक लोक किल्ला करतात आणि थकून घरी जातात. सोपारा राहतो तो राहतोच.

स्तूप बघून पहिल्यांदा निराशा होईल, हे आत्ताच सांगते. विटांचा एक उंचवटा, चार झाडं, आणि आजूबाजूला नालासोपाऱ्याची ती प्रसिद्ध दाटीवाटी. गावात याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो मधोमध खणला, तेव्हा आत एक दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ लहानशा मूर्ती, सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. बरं, एवढ्या बंदोबस्तात जपलेलं काय? तर सोन्याची फुलं आणि मातीच्या भिक्षापात्राच्या बारीक खापऱ्या! त्या उंचवट्यापाशी उभं राहून हे कोणीतरी सांगायला हवं, म्हणजे मग विटा नुसत्या विटा राहत नाहीत. आमच्या घोळक्यात ते काम मी केलं. दोन मुलं ऐकत होती, बाकीचे वडापावाचं बघत होते. चालायचंच.

सोपाऱ्याचं खरं धन मात्र दुसरंच आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला, आणि १९५६ साली जवळच भुईगावात नवव्याचा. आठव्यात सम्राट काय म्हणतो माहितीये? पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार करायचे, मौजमजा करायचे. मी राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला (म्हणजे बोधगयेला) जाऊन आलो, तेव्हापासून माझ्या यात्रा धम्माच्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं. म्हणजे सहलीला जावं कसं यावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला मजकूर, आणि तो आपल्या लोकलच्या वाटेवर! मूळ दगड मुंबईच्या संग्रहालयात आहे, करंडक एशियाटिक सोसायटीकडे. तिथेच राहू देत, माझी तक्रार नाही. पण सोपाऱ्यात त्यांच्या चांगल्या प्रतिकृती हव्यात आणि खाली शाळकरी पोराला कळेल असा मराठी मजकूर हवा.

हे डोक्यात घेऊन किल्ल्यात शिरा. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली २०५ वर्षं. सोपारा बघून आलं की हा आकडा छोटा वाटायला लागतो, आणि ‘हे परक्यांचं, ते आपलं’ असली वाटणी करायचा उत्साहही जरा कमी होतो.

चर्चेस बघायला मात्र वेळ काढा. सेंट जोसेफच्या उंच मनोऱ्यापाशी सगळ्यांचे फोटो होतात, मग पावलं परत फिरतात. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जा आणि खाली बघत चाला. फरशीतच थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. कुठे घराण्याचं चिन्ह, कुठे झिजलेली रोमन अक्षरं, त्यांच्या फटींतून गवत. छप्पर नाही, त्यामुळे पावसाळ्यात या अक्षरांत पाणी साचतं आणि तेवढ्यापुरती ती स्पष्ट वाचता येतात. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून दिमाखात उभा आहे. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत झाले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच.

किल्ल्यात कोणी मुलगा विचारतो, “हे कोणी पाडलं?” आणि बाबा छाती फुगवून सांगतात, “आपण!” अहो, तोफांचा मार बसला हे खरं, पण पोर्तुगीज फौजेला तहानुसार शस्त्रांसह मानाने बाहेर जाऊ दिलं होतं. छपरं गेली ती वस्ती उठल्यावर, निगा न राहिल्यामुळे. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर मीही हात जोडते. त्यांचा पराक्रम मोठा करायला खोट्या पाडापाडीची गरज नाही.

आणि किल्ल्याबाहेर ख्रिस्ती धर्म जिवंत आहे, मराठीत आहे. पापडीच्या चर्चमध्ये रविवारी मराठी मिस्सा ऐका. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे. तरीही ‘तुम्ही मराठी छान बोलता हो’ असं वसईच्या ख्रिस्ती माणसाला कौतुकाने सांगणारे लोक मी पाहिलेत. घरात सामवेदी ही मराठीचीच बोली बोलणारा तो बिचारा हसून सोडून देतो.

राहता राहिलं लग्नाआधीचं ‘प्री-वेडिंग’ फोटोशूट. करा बापडे. फक्त त्या थडग्यांच्या शिळांवर उभं राहून धुराचे रंगीत फटाके लावू नका, खाली कोणाची तरी माणसं आहेत. पाणी बरोबर न्या, आत सावली असली तरी चालणं बरंच होतं. आणि बाजारात सुकेळी दिसली तर भाव न करता घ्या. राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवायची मेहनत करणारे आता फार थोडे उरलेत.