तक्रार तिची, चौकशीही तिचीच

आमच्या गल्लीत भंगार वेचायला येणारी एक पारधी बाई आहे. नाव लिहीत नाही. मध्यंतरी दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती ओठ फुटलेला, डाव्या हातात एक बांगडी नाही. "ताई, संगं येता का? एकटीचं कोण ऐकतंय?"

गेले. ठाण्यात पहिला प्रश्न नाव. दुसरा, "पारधी का?" तिसरा, "नवरा कुठं असतो रात्रीचा?" तिनं पुरावा म्हणून फाटकं पोलकं पिशवीतून काढलं होतं. गपचूप परत आत सारलं.

सेटलमेंटला जायचंय म्हणून आपण सोलापूरकर रिक्षावाल्याला अगदी सहज सांगतो. ते नाव तारेच्या कुंपणातल्या जुन्या वसाहतीचं आहे. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि इथं माणसं हजेरी देत राहिली. १९५२ ला कायदा गेला. प्रश्न विचारायची सवय मात्र गेली नाही की वो.

आणि हे आपल्याच गावचं दुखणं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनीच अत्याचार केला. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ते दोघे सोडले. देश पेटला, १९८३ ला कायदा बदलला.

कायदा आज कमी नाही. पारधी अनुसूचित जमातीत येतात, म्हणजे आरोपी या जातीजमातींबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो, तपास डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. बलात्काराच्या गुन्ह्यात बाईचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला पोलिसानं घ्यायचा, जवळचं माणूस सोबत ठेवून. उपचार फुकट, खासगी दवाखान्यातसुद्धा. हे मला कुणी सांगितलं? ओळखीच्या वकीलबाईंनी. ठाण्यातल्या बाकड्यावर दोन तास बसले, तिथं कुणी नाही.

(जातपंचायत तिला काय म्हणाली ते वेगळंच. तिकडंही दोष तिचाच.)

समुपदेशन हवंच. पण अर्धं दुखणं तेच ते पाच जणांना सांगून वाढतं, तेही परक्या भाषेत. घरात ती पारधी बोलते, मराठी बाजारापुरती.

शेवटी जबाब पालावर झाला. महिला पोलीस आली, खुर्ची नाही म्हटल्यावर खाली गोधडीवरच बसली. आमची बाई तिच्या बोलीत बोलायची, तिची भाची मराठीत सांगायची. मध्ये एकदा सगळ्यांचा चहा झाला. सव्वा तास लागला.

पोलकं तेव्हा बाहेर आलं.