‘एक ते चार बंद’ पेट्रोशियन? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘बुद्धिबळप्रेमी, पुणे ३०’ यांस,

माजी जगज्जेता टिग्रान पेट्रोशियनवरच्या माझ्या लेखात झुरिकच्या एका डावात त्याने दिलेल्या हत्तीचं कौतुक होतं. त्या लेखाखाली आपण जे लिहिलंत, ते आधी इतर वाचकांसाठी इथे देतो: ‘पेट्रोशियन म्हणजे दुपारी एक ते चार बंद असलेलं दुकान. बरोबरी हाच धंदा. कुरासावला काय झालं आणि १९७१ साली फिशरने काय केलं, हे लेखकमहाशयांनी सोयीस्कर गाळलं आहे. आणि त्या हत्ती देण्याचं एवढं कौतुक कशाला? अडचणीत सापडलेल्या माणसाने दिलेली लाच ती. हत्ती दिला, बरोबरी विकत घेतली. यात कला कसली?’

चूक असेल तिथे चूक म्हणावी. झुरिकच्या डावातली हत्तीची चाल मी २६वी लिहिली होती, ती २५वी आहे. दुरुस्त केली. ही चूक आपणच कंसात दाखवलीत, त्याबद्दल आभार. बाकीची प्रतिक्रियाही त्या कंसातल्या सुरात लिहिता आली असती. ‘लेखकमहाशय’ हा शब्द आदरार्थी वापरलेला नाही, हे कळायला ग्रँडमास्टर असावं लागत नाही. मी कोथरूडमध्ये १९ वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतो आहे. मतभेदाची सवय आहे. पण दुकानाची उपमा सुचली म्हणजे डाव समजला, असं होत नाही.

आता ती ‘लाच’. हा शब्द मी सोडणार नाही.

झुरिक, १९५३. आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा. पांढरी मोहरी सॅम्युएल रेशेव्स्कीकडे, काळी पेट्रोशियनकडे. पांढऱ्याच्या २५व्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडा. (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ.) पांढरा: दोन्ही हत्ती ई-पट्टीवर (ई-३ आणि ई-१), वजीर एफ-४, उंट बी-२ आणि जी-४, मधोमध डी-४ आणि ई-५ ही प्यादी; बाकीची प्यादी ए-३, सी-३, जी-२, एच-२. काळा: वजीर ई-८, हत्ती ई-७ आणि डी-८, घोडा सी-६, उंट जी-६; प्यादी ए-५, बी-५, सी-४ आणि राजापुढची तीन. राजे दोघांचे किल्लेकोटात, म्हणजे जी-१ आणि जी-८. आपण ही स्थिती मांडली नव्हती, हे प्रतिक्रियेवरून दिसतंच.

पांढऱ्याची धमकी उघड आहे: ई-प्यादं सहाव्या ओळीत, त्यामागून डी-प्यादं, की काळ्याची सगळी मांडणी उधळली. तोडही उघड आहे: घोडा डी-५वर बसवायचा. तिथे तो दोन्ही प्यादी थोपवतो, वर सी-३च्या प्याद्याकडे आणि ई-३च्या हत्तीकडे बघतो. पण जायचं कसं? सी-६वरून डी-५ला जायला दोनच घरं आहेत. बी-४वर पांढऱ्याची ए आणि सी ही दोन्ही प्यादी टपलेली. उरलं ई-७, आणि तिथे स्वतःचाच हत्ती उभा. हत्ती बाजूला घेतला की ई-प्यादं सुटलं.

म्हणून २५वी चाल: हत्ती ई-६. पांढऱ्याच्या जी-४च्या उंटाच्या थेट तोंडात. ई-७ रिकामं झालं आणि ई-प्यादंही अडलं, एकाच चालीत दोन्ही. उंटाने हत्ती घेतला की एफ-प्यादं ई-६वर येतं आणि तेच डी-५च्या घोड्याला आधार देतं. शिवाय पांढऱ्याचा पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट संपला, म्हणजे त्या घोड्याला हुसकावणारं कोणी राहिलं नाही. आणि काळ्याच्या जी-६च्या उंटाला पटावर प्रतिस्पर्धी उरला नाही.

यात ‘लाच’ कुठे आहे? लाच समोरच्याने खिशात घातली तरच काम होतं. रेशेव्स्कीने ती लगेच घेतलीसुद्धा नाही. त्याने ए-प्यादं पुढे टाकलं, काळ्याने घोडा ई-७वर नेला, मग कुठे उंटाने हत्ती मारला. मिळकत मोजा: हत्ती पाच, उंट तीन, आणि बदल्यात काळ्याला एक प्यादंही नाही. फायदा सगळा घरांचा. चार चालींत (२८व्या चालीला घोडा डी-५वर, २९व्याला उंट डी-३वर) रेशेव्स्कीची अशी कोंडी झाली की ३०व्या चालीला त्याने स्वतःहून हत्ती देऊन तो उंट घेतला. म्हणजे मिळवलेलं परत केलं. ४१व्या चालीला बरोबरी.

अडचण होती, नाही कोण म्हणतंय? पण अडचणीत सगळेच सापडतात. अडचणीत ई-६ हे घर दिसणं, यालाच मी कला म्हटलं होतं.

इथे शिकवण्यातली एक गोष्ट सांगतो, कारण नकलेतून नेमकं काय बिघडतं ते यात कळतं. डाव बघून मुलं दुसऱ्या दिवशी हत्ती देऊन मोकळी होतात आणि तीस चालींत हरतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पट्टी उघडी असते, म्हणजे तिच्यावर प्यादं नसतं. झुरिकमध्ये ई-पट्टीवर पांढऱ्याचे दोन हत्ती होते, पण पुढे त्यांचंच ई-५चं प्यादं अडलेलं. हत्तीला रस्ता नसेल तर तो पाचाचा राहत नाही. पट्टी उघडी असेल तर तोच हत्ती सातव्या ओळीत येतो आणि आपला घोडा बघत बसतो. दुसरी चूक म्हणजे उरलेल्या हत्तींची अदलाबदल होऊ देणं. एक्स्चेंज दिल्यावर (म्हणजे हत्ती देऊन उंट किंवा घोडा घेतल्यावर) आपला दुसरा हत्ती जपायचा असतो. पेट्रोशियनने डी-८चा हत्ती जपला. पोरं तोच आधी बदलतात.

आणि अडचण नसतानाचं उदाहरण हवं असेल तर १९६६च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला दहावा डाव काढा. समोर आव्हानवीर स्पास्की. २१व्या चालीला पेट्रोशियनने एफ-१चा हत्ती उंटाला घेऊ दिला, २४व्याला दुसरा हत्ती एफ-४च्या घोड्यावर दिला. दोन हत्ती गेले, एक उंट आणि एक घोडा आला. पण स्पास्कीचा दुसरा घोडा आठव्या चालीला ए-५वर गेला होता, तो डाव संपेपर्यंत तिथेच होता. खरा हिशोब त्या घोड्याचा आहे. ३०व्या चालीला वजीर एच-८वर, शह. राजाने वजीर घेतला तर घोडा एफ-७वर येऊन राजा आणि जी-५चा वजीर एकदम धरतो. स्पास्कीने तिथेच डाव सोडला. दुकान त्या दिवशी उघडं असावं.

राहिलं कुरासाव, म्हणजे १९६२ची आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा. पेट्रोशियन, केरेस आणि गेलर यांचे आपसातले बाराही डाव बरोबरीत सुटले, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर बरंच लिहून झालंय. बॉबी फिशरने १९७१ साली ब्युनोस आयरिसला आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यात त्याला ६½–२½ असं हरवलं. त्यातला दुसरा डाव पेट्रोशियनने जिंकला होता, हे आपण गाळलंत. बरोबरीचा धंदा म्हणाल, तर १९५८ ते १९७८ या काळात दहा ऑलिंपियाडमधले १२९ डाव, त्यांत ७८ विजय आणि एकच पराभव. आणि १९६६ साली त्याने स्पास्कीला हरवलं, तेव्हा गादीवरच्या जगज्जेत्याने आव्हानवीराला सामन्यात हरवण्याची ती १९३४नंतरची पहिली वेळ होती. बॉटविनिकला ते जमलं नव्हतं. यावर वाद घालायला मला वेळ नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर एका प्रश्नाचं उत्तर द्या. २६व्या चालीला घोडा ई-७वर आल्यावर रेशेव्स्कीने हत्ती घ्यायला नको होता, असं आपलं मत असेल, तर त्याने काय खेळायला हवं होतं? उत्तर चालींमध्ये हवं. उपमा पुरेशा झाल्या.