पाचारण फक्त पाळकांनाच?
माणसाचं रोजचं काम हेच त्याचं पाचारण, म्हणजे देवाची हाक, असं सांगणारा तुमचा लेख आवडला. हे आमच्या चर्चच्या मंडळीत क्वचितच ऐकू येतं. ‘त्याला पाचारण झालं’ म्हटलं की एकच अर्थ, पोरगा पाळक (धर्मगुरू) व्हायला सेमिनरीत चालला! माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मुक्कामी गाडीचे ब्रेक एकदा तपासून झाले तरी ते पुन्हा गाडीखाली सरकायचे. शनिवारी रात्री कितीही घासलं तरी नखांतलं ग्रीस निघायचं नाही, आणि रविवारी दानाची थैली समोर आली की ते हात जरा लपवायचे. त्यांच्या कामाला पाचारण म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तर १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचं उदाहरण दिलंय. लोक त्याला हसतात, देव मात्र खूश होतो. (आमच्याकडचे बाप अजून तिथवर पोचायचेत.)

पण एका ठिकाणी लेख घाईत उरकलाय. ‘ज्या स्थितीत पाचारण झालं तिच्यातच राहा’ हे बायबलमधलं, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन (७:२०) तुम्ही जसंच्या तसं लावलंत. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या कितीतरी ख्रिस्ती घरांत पणजोबांना गावकीची कामं, मेलेली ढोरं ओढणं, हे जन्मानेच चिकटलेलं होतं. त्यांनी तिथेच राहायचं होतं का? लगेच पुढच्या वचनात पौल दासाला म्हणतो, मोकळं होता येत असेल तर हो. तेही द्यायला हवं होतं.