सेट झालास का?

आज मावसबहिणीच्या साखरपुड्यात शेजारी जेवायला बसलेल्या काकांनी विचारलं, "मग, सेट झालास का?"
म्हटलं, "हो काका, २०१९ सालीच."
काका खूश. "अरे वा! कुठल्या कंपनीत?"

मंडळी, मी सेट झालो म्हणजे पुणे विद्यापीठ घेतं ती सहायक प्राध्यापकांची सेट परीक्षा पास झालो. बसलेल्यांतले सहा टक्केच पास करतात त्यात. विषय इंग्रजी. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. मे महिन्यात तासही नाहीत, पैसेही नाहीत. काकांच्या अर्थानं मी अजून पातळच आहे.

हा घोळ मुळात आमच्या अण्णांचा. निकालाच्या दिवशी ते किलोभर पेढे घेऊन पारावर गेले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "पोरगं सेट झालं!" आठवड्यात दोन स्थळं आली. पगार विचारल्यावर दोन्ही गेली.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो, सिमेंट सेट होतं म्हणजे घट्ट होतं, मोडलेलं हाड सेट करतात म्हणजे बसवतात. ठीक. पण आपण 'सेटल'मधला ल गिळून टाकला आणि माणसाची सगळी किंमत त्या उरलेल्या दोन अक्षरांत बसवली. (इंग्रजीतही 'सेट फॉर लाइफ' म्हणतात, माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका.)

आणि आता तर दहीसुद्धा 'सेट' होतं! अरे, दही लागतं. रोप जीव धरतं, पोरं शाळेत रुळतात, धंद्याचा जम बसतो. इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्यानं हे बोलू नये म्हणाल. बरं, नाही बोलत.

पण 'सेटिंग'वर बोलणारच. हा शब्द मात्र अस्सल आपला. एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो, बाहेर एकानं हळूच विचारलं, "सर, सेट आहे ते कळलं. सेटिंग आहे का?" माझ्याकडे सेट होती, दुसऱ्याकडे सेटिंग. पुढचं सांगत नाही, तुम्ही काही लहान नाही. घरी आलो तर अण्णा विचारतात, "अरे पण तू तर सेट झालायस ना?" त्या रात्री त्यांच्यावर ओरडलो होतो मी. त्या माणसाला पेढ्यांपलीकडे काय ठाऊक होतं?

मघाशी अण्णांचा फोन आला. काकांचा किस्सा सांगितला, वाटलं हसतील. हसले नाहीत. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "तेव्हा मी पेढे वाटायला नको होते का रे?"

"अण्णा, किलोभर कमी पडले होते," म्हटलं.