गंजकी स्वीटहार्ट

अमेरिकेत, कनेटिकटमध्ये घर घेताना लोक शाळा बघतात, स्टेशन बघतात, तळघरात पाणी शिरतं का ते बघतात. न्यू ब्रिटन किती मैलांवर आहे हे कोणी बघत नाही. नवऱ्याला जुन्या सुतारी हत्यारांचा नाद असेल तर आधी तेच बघावं. स्टॅनली कंपनीचे रंधे या गावचे. त्यामुळे आसपासचा कोणी म्हातारा सुतार गेला आणि घरच्यांनी सामान विकायला काढलं, की तळघरात एखादा रंधा निघतोच. तिथून तो आमच्या गॅरेजात येतो. गाडी बाहेर बर्फात उभी असते.

नवऱ्याने गॅरेजातून "स्वीटहार्ट!" असं पहिल्यांदा पुकारलं तेव्हा मी हातातली पोळी तव्यावर टाकून गेले. तो रंध्याच्या पात्याशी बोलत होता. पात्यावर बदामाच्या आकारात 'एसडब्ल्यू' असा छाप होता. स्टॅनली वर्क्सचे माजी अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या मानाखातर १९२० च्या सुमारास तो सुरू झाला. त्या काळातला माल उत्तम, म्हणून शौकीन लोक त्याला लाडाने स्वीटहार्ट म्हणतात. मला सध्या "अगं" म्हणतात.

रंध्याचं वय काढणं म्हणजे पत्रिका मांडणं. ओतीव बुडावर पेटंटच्या तारखा असतात. मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१० अशा तिन्ही दिसल्या आणि पुढची मूठ बुटकी असली, तर जन्म १९१० ते १९१८ मधला. मूठ उंच असली तर नंतरचा. हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. लेकीची जन्मवेळ विचारा, "सकाळ होती बहुतेक" म्हणेल.

आणि पंचाईत अशी की त्याचं म्हणणं खोटं नाही. पूर्वी लाकडी रंध्याचं पातं हातोडीने टकटक करून पुढे-मागे करावं लागे. लिओनार्ड बेलीने पात्याच्या मागे एक पितळी चाक बसवलं. बोटाने फिरवलं की पातं केसभर सरकतं. १८६९ मध्ये स्टॅनलीने त्याची पेटंटं विकत घेतली आणि आजही बाजारातले बहुतेक लोखंडी रंधे त्याच घाटाचे असतात. डिस्टनची करवतही तशीच. हेन्री डिस्टन पोरवयात इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आला, १८४० मध्ये करवती करायला लागला, पुढे पोलादही घरचंच ओतू लागला. त्याच्या चांगल्या करवतीचं पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ असतं, म्हणून ती लाकडात अडकत नाही. मूठ सफरचंदाच्या लाकडाची. हातात घेतली तर मलासुद्धा काहीतरी कापावंसं वाटतं.

माझा वाद एवढाच, की तेव्हाही रद्दी माल निघतच असणार. तो केव्हाच भंगारात गेला आणि चांगला तेवढा उरला. यावर नवरा म्हणतो, तेव्हा गिऱ्हाईक सुतार होता. दिवसभर त्याच हत्यारावर पोट, वाईट निघालं तर दुकानात येऊन शिव्या घातल्या असत्या. पुढे विजेची यंत्रं आली, हातहत्यारं हौशी लोकांकडे गेली, आणि हौशी माणूस शिव्या घालत नाही, नवीन विकत घेतो. हा मुद्दा बिनतोड आहे. मी पुरावा रोज बघते.

गंज काढण्याची पायरी मात्र माझ्या स्वयंपाकघरातून जाते. व्हिनेगर गेलं. ढोकळ्याचं सायट्रिक ॲसिड गेलं. मग बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात एका तारेला रंधा, दुसरीला लोखंडाचा तुकडा, वर बॅटरीचा चार्जर. लोखंडाऐवजी चालेल म्हणून माझा स्टीलचा डबाही न्यायला निघाला होता. सुदैवाने वाटेत वाचलं, की स्टेनलेस स्टीलमधून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. डबा रसायनशास्त्राने वाचवला, संसाराने नव्हे.

एवढं करून काम काय? बाथरूमचं दार उन्हाळ्यात दमट हवेने फुगतं. घरात रंध्यांची पलटण, पण त्या दाराला एकही लावायचा नाही, कारण दारावर रंगाचे थर आहेत आणि पातं खराब होईल. शेवटी मीच सँडपेपरने घासलं. रंधे फक्त पाइनच्या एका फळीवर चालतात. निघालेली साल स्टॅरेट कंपनीच्या मायक्रोमीटरने मोजली जाते, उजेडासमोर धरली जाते आणि फोटो काढून मित्रांना पाठवली जाते.

दिवाळीला सांगलीहून सासूबाई आल्या. गॅरेज बघून म्हणाल्या, "हे भंगारवाल्याला का नाही देत रे?" नवऱ्याने दुखावून फळीवर एक साल काढून दाखवली. त्यांनी ती बोटांत धरून पाहिली, आत गेल्या आणि सुक्या खोबऱ्याची वाटी घेऊन आल्या. चिवड्याला काप हवे होते. नवऱ्याचा चेहरा बघवेना, पण आईला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. छोटा रंधा साबणाने धुतला, व्हाइसमध्ये उलटा आवळला, आणि त्या वाटी फिरवत राहिल्या. काप असे पडले की तेलात टाकताच लाल होत होते. दर दोन मिनिटांनी त्या सांगत, "अजून बारीक कर," आणि तो चाक फिरवून पातं मागे घेई.

जाताना त्यांनी तो रंधा मागितला. नवरा म्हणाला, "आई, हा शंभर वर्षांचा आहे."

"मग दे की," त्या म्हणाल्या, "नवा टिकत नाही."