बूट ‘किती वर्षं जातील?’ हे विचारणं आधी थांबवा

दुकानात बूट बघणारा आपला माणूस आठवा. आधी तळवा ठोकतो, मग बूट हातावर तोलतो, आणि जड लागला की चेहरा खुलतो. ‘मजबूत आहे!’ पुढचा प्रश्न ठरलेला, किती वर्षं जातील? पितळी पातेलं घेताना हा हिशेब ठीक आहे. पाठीवर सॅक टाकून दिवसाला वीस किलोमीटर चालायचं असेल तर मात्र हाच हिशेब आपल्याला चौथ्या दिवशी घरी परत आणतो.

देवउठनी एकादशीनंतर आमच्या ओळखीतली बरीच मंडळी नर्मदा परिक्रमेला निघतायत, कुणी पूर्ण, कुणी टप्प्याटप्प्यानं. जो तो घोट्याच्या वर जाणारे, सीमेवर चालल्यासारखे बूट हेरून बसलाय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. भांडायचं असेल तर रविवारी सकाळी आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानवर या, पोहे माझ्याकडून.

आधी वजन. स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि एकेक बूट त्यावर ठेवा (घरच्यांचं लक्ष नसताना). घोट्यापर्यंतचा चामड्याचा बूट सहज साडेसहाशे-सातशे ग्रॅम भरतो. जाळीच्या कापडाचा हलका ट्रेल शू, म्हणजे कच्च्या वाटांवर चालायचा बूट, तीनशे ते साडेतीनशे. म्हणजे पायागणिक साडेतीनशे ग्रॅमचा फरक. सत्तर सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर वीस किलोमीटरला एकेक पाय चौदा हजार वेळा उचलावा लागतो. करा गुणाकार. एका पायाला दिवसाकाठी जवळजवळ पाच टन फुकटचं ओझं. संध्याकाळी धर्मशाळेत टेकल्यावर मांड्या का भरून आल्या, याचं उत्तर त्या काट्यावर असतं.

सैनिकांच्या बुटांवर १९८० च्या दशकात जे प्रयोग झाले, त्यांतून निघालेला आकडा साधारण असा आहे की पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतकं दमवतं. आपण मात्र सॅकमधून एक टॉवेल कमी करतो, टूथब्रशचा दांडा कापतो आणि पायात दीड किलो बांधून निघतो!

‘पण भिया, हलके बूट टिकत नाहीत ना!’ नाहीच टिकत. हे मी आधीच मान्य करून टाकतो. मधल्या फोमचा थर, ज्याला ईव्हीए म्हणतात, तो पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये दबून जातो. वरून बूट धडधाकट दिसतो, आतली उसळी गेलेली असते. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरले तर २६०० च्या वर. म्हणजे पूर्ण परिक्रमेला चार-पाच जोड लागणार, हे गृहीतच धरा. समजा, तीन हजारांचा जोड सहाशे किलोमीटर चालला, तर किलोमीटरला पाच रुपये. नऊ हजारांचा भारी बूट अठराशे किलोमीटर चालला, तरी पाचच रुपये. पैसा तितकाच गेला, गुडघ्यांचा हिशेब वेगळा.

अमेरिकेत एमा गेटवुड नावाची आजी होती. अकरा मुलांची आई. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी तिनं साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासची अॅपलाचियन ट्रेल एका हंगामात एकटीनं पार केली, कॅनव्हासच्या साध्या केड्स बुटांत, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी टाकून. बूट वाटेत फाटत गेले, ती नवे घेत गेली. १९५७ मध्ये तीच वाट तिनं पुन्हा चालून दाखवली. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? नेपाळात गोल्डस्टारच्या साध्या बुटांत ओझी वाहणारे भारवाहक दिसतात, आणि त्यांच्या मागून धापा टाकत आपण भारी बुटांत.

आता ‘टिकाऊ’ बुटांची दुसरी बाजू. बऱ्याच जड बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हे रसायन हवेतल्या ओलाव्यानं आपोआप तुटत जातं, बूट वापरा की नका वापरू. उलट वापरात असलेला बूट जरा बरा राहतो. आमच्या एका काकांनी असले बूट कागद कोंबून, खोक्यात घालून कित्येक वर्षं माळ्यावर जपले होते. जानापावच्या चढावर टाचेखालून काळा भुगा पडायला लागला आणि देवळापर्यंत पोचायच्या आत आख्खा तळ पायातून सुटला. उरलेली चढण काकांनी उपरणं गुंडाळून केली. वर पोचल्यावर म्हणाले, ‘घातलेच नव्हते रे फारसे!’

वॉटरप्रूफ हे असंच दुसरं खूळ. माळव्याची म्हण तर माहीतच आहे, डग डग रोटी, पग पग नीर. पाणी पावलोपावली. नर्मदेला मिळणारे ओढे-नाले गुडघाभर असतात, पाणी वरून, मोज्याच्या बाजूनं शिरतं. वॉटरप्रूफ अस्तर ते पाणी मग इमानदारीनं आत सांभाळून ठेवतं. जाळीचा बूट नाल्यातून बाहेर पडला की पावलागणिक पाणी ओकतो आणि चालता चालता पायातच बराचसा वाळतो. थंडीत, बर्फात अस्तर कामाचं आहे, तिथे वाद नाही. निमाडच्या उन्हात नाही. मोजे मात्र सुती नकोत. लोकरी किंवा सिंथेटिक घ्या, सुती मोजा ओला झाला की फोड नक्की.

‘घोटा मुरगळला तर?’ हा प्रश्न बायका-मंडळी हमखास विचारतात, आणि बरोबर विचारतात. पण मऊ कापडाची ती उंच कॉलर मुरगळणारा घोटा थोपवू शकत नाही. त्यासाठी बूट खरोखर कडक हवा, आणि कडक बूट म्हणजे पुन्हा वजन. त्यापेक्षा रोज दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा. हसू नका, महिनाभरात फरक जाणवतो.

हलके बूट जास्त चालवायची एक युक्ती आपल्या शहरात अजून स्वस्तात होते. नवा जोड घेतला की तो घालायच्या आधी मोच्याकडे न्यायचा. राजवाड्यामागच्या बोळात मी ज्यांच्याकडे जातो ते काका बूट हातात घेतात, अंगठ्यानं चवड्यापाशी रबर आणि कापडाचा सांधा उचकटून बघतात, आणि ठरलेलं वाक्य बोलतात, ‘चिपकाने से क्या होगा भिया, सिलाई डलवाओ.’ मग मेण लावलेला नायलॉनचा दोरा, आरी, आणि जिथे रबर तळातून वर चढलेलं असतं तेवढ्याच भागात, पुढे चवड्याला आणि मागे टाचेला, घट्ट टाके. मधल्या फोमात आरी घालू द्यायची नाही, फोम फाटतो. करंगळीपाशी जिथे बूट चालताना दुमडतो तिथे जाळी सगळ्यात आधी उसवते. तिथे बोटानं चिकटवायच्या सोल्यूशनचा पातळ हात फिरवून घ्यायचा. काठावरची बारीक वाळू जाळीतून शिरून आतून कानस मारल्यासारखं कापड झिजवते, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर बूट झटकायचे आणि आतली गादी बाहेर काढून ठेवायची.

तळव्याचं रबर हा खरा पेच. मऊ रबर ओल्या, शेवाळलेल्या काळ्या दगडाला धरतं पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि तुम्हाला पाताळपाणी धबधब्याच्या खडकांवर आडवं करतं. मी मऊ रबराच्या बाजूनं आहे. नक्षी खोल असावी, पण दातांमध्ये जागा मोकळी हवी. दाट नक्षीत आपली काळी माती अशी भरते की दहा पावलांत बुटाचा भाकरीएवढा गोळा होतो, आणि मग तो तीनशे ग्रॅमचा बूटही किलोभराचा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो. आतली गादी काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पाऊल कडेनं बाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, सेल्समन काहीही म्हणो. चपलेत वाढलेले आपले पाय चवड्याला फाकलेले असतात. पुढे अंगठ्याइतकी जागा सोडा.

अपवाद आहेत. पाठीवर पंधरा किलोंच्या वर ओझं, घोट्याचं जुनं दुखणं, बर्फावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) लावायचे असतील, तर जड बूट घ्या. एकदाच जायचं असेल तर भाड्यानं घ्या. अनवाणी परिक्रमा करणाऱ्यांना तर मी काय सांगणार, त्यांना नमस्कार.

बाकीच्यांनी एक जोड घालून निघावं, सोबत मुक्कामासाठी हलकी सँडल. आश्रमात, देवळात दिवसातून कितीदा बूट काढावे लागतात हे निघाल्यावर कळतं, म्हणून लेस पटकन सुटणारी बघा. दुसरा जोड सॅकमध्ये वाहू नका, पैसे बाळगा. बडवाणी, अंकलेश्वर, भरूच, सगळीकडे बूट मिळतात. फक्त दहा-अकरा नंबरवाल्यांनी घरी एक जोड काढून ठेवावा आणि पुढच्या मुक्कामी मागवावा, छोट्या गावात ते माप मिळत नाही.

आणि नवे बूट घेतल्याच्या पहिल्याच रविवारी भरलेली सॅक घेऊन रालामंडळची टेकडी चढा. चढताना सगळेच बूट चांगले वाटतात. उतरताना लेस घट्ट बांधूनही बोटं पुढे आपटली तर सोमवारी दुकानात जाऊन अर्धा नंबर मोठा घ्या. बिल आणि खोकं तोवर फेकू नका.