प्लेन सीटी नॉर्मल, पण डोळा?

पुण्याकडच्या चर्चेत दोन तक्रारी हमखास असतात: मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देतो, आणि डॉक्टर उठसूट स्कॅन सांगतात. इंग्लंडात बसून दोन्हींना मान डोलावणं सोपं आहे. मेंदूलगतच्या शिरेत जंतूंमुळे रक्ताची गुठळी झाली, की दुसरी तक्रार उलटी पडते.

नाकावरचा फोड पिळला, सायनस तुंबलं किंवा दाढेत पू झाला, तर जंतू शिरांतून उलटे कॅव्हर्नस सायनसपर्यंत (नाकाचं सायनस नव्हे, डोळ्यामागची मेंदूलगतची मोठी शीर) पोचू शकतात. कान फुटलेल्यांत हेच कानामागच्या लॅटरल सायनस या शिरेत घडतं. ताप, डोकं ठणकणं, सुजून पुढे आलेला डोळा. तो बाहेरच्या बाजूला वळत नाही, एकाचे दोन दिसतात; कारण डोळा बाहेर वळवणारी सहावी नर्व्ह कॅव्हर्नस सायनसच्या आतूनच जाते. दिवस-दोन दिवसांत दुसराही डोळा सुजला, तर शंका बळावते.

इथे प्लेन, म्हणजे डाय न टाकता काढलेला, सीटी दगा देतो. डाय टाकून शिरांचा सीटी किंवा एमआर व्हेनोग्रामसह (शिरा दाखवणारा स्कॅन) एमआरआयच हवा. रुग्णाची अवस्था परवानगी देत असेल तर आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू शोधायची तपासणी) घ्यावं, पण त्यासाठी औषध अडवू नये. काउंटरवरच्या चार गोळ्यांनी ताप दबतो आणि कल्चरमध्ये जंतू सापडत नाही, खरं नुकसान हे.

कॅव्हर्नस सायनसमध्ये बहुतेकदा जंतू स्टॅफिलोकोकस असतो. म्हणून प्रौढांना शिरेतून व्हँकोमायसिन, सेफ्ट्रायॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, साधारण ३-४ आठवडे (किडनीनुसार डोस बदलतो). पू जिथून येतो ते नाकाचं सायनस, दाढ किंवा मॅस्टॉइड (कानामागचं हाड) मोकळं केल्याशिवाय नुसती औषधं पुरत नाहीत. हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर अजून वाद आहे. आजार दुर्मीळ, त्यामुळे मोठ्या चाचण्या नाहीत. मेंदूत रक्तस्राव नसेल तर बरेच जण देतात, मला ते पटतं. साखर वाढलेल्या रुग्णाच्या नाकात काळी खपली दिसली, तर बुरशी धरून अँफोटेरिसिन लगेच. २०२१ महाराष्ट्र विसरलेला नसेल.

आता कायदा. भारतात शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची एक यादी, २०१४ पासून लागू आहे. त्यातल्या औषधांची नोंद मेडिकलवाल्याला वहीत करावी लागते. इंग्लंडात जानेवारी २०२४ पासून फार्मासिस्टच सायनसला ठरावीक अँटिबायोटिक देऊ शकतो, पण डोळा सुजलेला दिसला तर गोळी न देता थेट इस्पितळात धाडतो. इथे साध्या एमआरआयला आठवडे लागतात, पुण्यात पैसे मोजले की बहुधा त्याच दिवशी होतो. तेव्हा भांडायचंच तर काउंटरवर डोळ्याकडे कोण बघतं, यावर भांडा.